परतीचे तिकीट : विलायतेला नेलेल्या आयांचा इतिहास

मार्च १८७० मध्ये जबलपूरला मोठा समारंभ झाला. अलाहाबादकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे तीन वर्षांपूर्वीच इथवर पोचली होती. आता मुंबईहून भुसावळ, खांडवा, इटारसी करत आलेले ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ तिला येऊन मिळाले. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः हजर होते. कलकत्ता आणि मुंबई लोहमार्गाने जोडली गेली, आणि तो सांधा पडला जबलपुरात. त्याच्या चारच महिने आधी, नोव्हेंबर १८६९ मध्ये, सुएझचा कालवा खुला झाला होता. आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजांना जिथे महिनेच्या महिने लागत, तिथे आता गंगेच्या खोऱ्यातले गोरे कुटुंब आगगाडीने मुंबई आणि आगबोटीने लंडन काही आठवड्यांत गाठू लागले.

या सोयीचे कौतुक रेल्वेच्या आणि व्यापाराच्या इतिहासात भरपूर झाले आहे. पण त्याच गाड्यांतून आणि त्याच बोटींतून आणखी एक माणूस प्रवास करत होते. मेमसाहेबांच्या कडेवरचे मूल सांभाळायला सोबत घेतलेली हिंदुस्थानी बाई, म्हणजे आया. बोटीवरच्या प्रवाशांच्या यादीत तिचे नाव बहुतेक वेळा नसेच; 'अमक्या बाईंची आया' एवढीच नोंद असे. तिला नेणारे अनेक होते. तिला परत आणण्याची जबाबदारी कायद्याने कुणावर होती, या प्रश्नाचे उत्तर मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ मिळाले नाही. आज आखाती देशांत, हाँगकाँगमध्ये किंवा सिंगापुरात राबणाऱ्या फिलिपिनो बायकांच्या छळाच्या बातम्या आपण वाचतो, तेव्हा या जुन्या इतिहासाची आठवण ठेवायला हवी. तसाच छळ आपल्या छावण्यांमधूनच निघालेल्या बायकांनी फार आधी अनुभवला होता.

छावणी, बंगला आणि बाजार

जबलपूर डिसेंबर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते. इंग्रजांनी ते घेतले आणि इथे छावणी बसवली. छावणी आली की तिला लागून बाजार येतो. जबलपूरचा सदर हा असाच छावणीच्या आधाराने वाढलेला भाग. १८५७ च्या उठावात इथली ५२ वी पलटण बिथरली, गोंड राजे शंकरशाह आणि रघुनाथशाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले. त्यानंतर देशभरच्या छावण्यांत गोऱ्या सैनिकांचे प्रमाण वाढवण्यात आले. गोरे अधिकारी आले, त्यांच्यामागून बायका आल्या, मुले आली. १८६८ मध्ये सेंट अलॉयशियस शाळा निघाली. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला आणि गोऱ्या वस्तीला आणखी भर आली.

या वस्तीचा गाडा चाकरांवर चाले. खानसामा, भिश्ती, धोबी, माळी, मेहतर, सईस, चौकीदार अशी मंडळी एकेका बंगल्याला लागत. बंगल्याच्या आवाराच्या मागच्या कडेला त्यांच्या खोल्या असत. ज्यांना तिथे जागा नसे ते बाजारात राहत. या सगळ्यांत बाई बहुधा एकच, ती आया. मुलाला न्हाऊ-माखू घालणे, भरवणे, फिरवणे, आजारपणात रात्र रात्र जागणे, शिवाय मेमसाहेबांचे कपडे आणि केस सांभाळणे ही तिची कामे. गोऱ्या मुलांच्या तोंडचे पहिले शब्द कित्येकदा तिच्याच बोलीतले असत. फ्लोरा अॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी १८८८ मध्ये हिंदुस्थानात घर चालवण्याविषयी मेमसाहेबांसाठी जाडजूड मार्गदर्शक लिहिला. त्यात बाकी चाकरांबरोबर आयाची कर्तव्येही काटेकोर मांडली आहेत. घरातल्या सर्वांत जवळच्या माणसालाही आज्ञेत कसे ठेवायचे, याची ती शिकवण होती.

आया होणाऱ्या बायका कोण होत्या? साहेबाच्या घरी मांसाहारी स्वयंपाक, गोऱ्या मुलाचे मलमूत्र आणि समुद्रप्रवास या तिन्ही गोष्टी उच्चवर्णीय हिंदू घरांना निषिद्ध. त्यामुळे या कामात मुसलमान, ख्रिस्ती आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या बायका अधिक होत्या. मद्रासकडे धर्मांतरित ख्रिस्ती बायका होत्या, मुंबईत गोव्याकडच्या कॅथलिक बायका होत्या. महार समाजातली माणसेही गोऱ्यांच्या घरी चाकरीला होती. त्यांना गावच्या बलुत्यातून आणि विटाळातून सुटण्याची ती एक वाट वाटत असे. अनेक जणी विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या होत्या, घरात कमावते दुसरे कुणी नव्हते. समुद्र ओलांडायला होकार देणारी बाई धाडसी होती यात शंका नाही. तिच्या होकारामागे गरज किती होती, हेही त्याबरोबर लक्षात ठेवले पाहिजे.

विलायतेला नेण्याची कारणेही सरळ होती. गोऱ्या मुलांना सहा-सात वर्षांची झाली की शिक्षणासाठी मायदेशी धाडत. उन्हाळा सोसवत नाही म्हणून बायका मार्च-एप्रिलमध्ये निघत आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतत. बोटीवर मुले आजारी पडत, आया त्यांना सांभाळी. बोट लागणाऱ्या मेमसाहेबांनाही तीच सांभाळी. तिला स्वतःला बोट लागली तर सांभाळायला कुणी नव्हते. झोपायला जागा म्हणजे मुलांच्या केबिनची जमीन, नाही तर डेकचा कोपरा. प्रवास संपला की तिची गरज संपे. इंग्लंडात मुलांसाठी इंग्रज दाई मिळे, कपड्यांसाठी इंग्रज मोलकरीण मिळे. सगळ्या दुःखाची सुरुवात इथून होते.

कंपनीचा जामीन आणि त्याचा शेवट

आयांचा विलायतेचा प्रवास आगबोटींच्या फार आधीचा आहे. जोशुआ रेनॉल्ड्स या चित्रकाराने १७६५-६६ च्या सुमारास रॉबर्ट क्लाइव्हचा नातलग जॉर्ज क्लाइव्ह याच्या कुटुंबाचे चित्र काढले. ते आज बर्लिनला आहे. गोरा बाप, गोरी आई आणि हिंदुस्थानी पेहरावातली लहान मुलगी. त्या मुलीला आधार देत एक हिंदुस्थानी दाई गुडघ्यावर बसली आहे. क्लाइव्ह कुटुंबाचे नाव चित्राला मिळाले. तिची ओळख 'हिंदुस्थानी दासी' एवढीच उरली.

अठराव्या शतकात असे नोकर लंडनच्या रस्त्यांवर बेवारस सापडू लागले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने एक उपाय केला. हिंदुस्थानी नोकर सोबत न्यायचा असेल तर मालकाने जामीन किंवा अनामत रक्कम द्यायची आणि त्यातून नोकराच्या परतीचा खर्च भागवायचा. कंपनीला नोकरांचा कळवळा होता असे नाही. बेवारस माणसांना पोसण्याचा आणि परत धाडण्याचा भुर्दंड आपल्यावर पडू नये, एवढाच तिचा हिशेब. तरीही त्या हिशेबात एक योग्य तत्त्व होते. जो नेतो त्याने परतीचे पैसे निघण्याआधीच बाजूला ठेवायचे.

हे तत्त्व टिकले नाही. १८१३ मध्ये कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारातली मक्तेदारी गेली आणि १८३३ च्या सनदेने तिचा व्यापारच बंद झाला. कोण बोटीवर चढतो आणि कोण उतरतो यावर कंपनीची जी पकड होती ती सुटली, तसा जामिनाचा धाकही ओसरला. खासगी बोटींची संख्या वाढत गेली, प्रवासी वाढत गेले. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या आयाचे काय करायचे हे पूर्णपणे मालकाच्या मनावर आले.

याच काळात हिंदुस्थानी खलाशांच्या, म्हणजे लस्करांच्या बाबतीत कायदा झाला होता. १८२३ च्या कायद्याने त्यांच्यावर अनेक अन्याय्य बंधने घातली, पण त्यांना सांभाळण्याची आणि परत पाठवण्याची जबाबदारी जहाजमालकांवर टाकली. १८५७ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात आशियाई लोकांसाठी 'स्ट्रेंजर्स होम' उघडले. पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांनी त्याला ५०० पौंडांची देणगी दिली. पण ते मुख्यतः पुरुषांसाठी, त्यातही खलाशांसाठी होते. खलाशी संख्येने हजारो होते आणि त्यांच्या श्रमावर ब्रिटनचा दर्यावर्दी व्यापार उभा होता. त्यांचा प्रश्न सरकारला टाळता येत नव्हता. आया एकेका घराची खासगी चाकर होती. घरातला व्यवहार हा मालक आणि नोकराचा आपसातला मामला, असे मानण्याची रीत होती, आणि याच समजुतीमुळे आयाला कायद्याच्या बाहेर राहावे लागले.

लंडनमधले घर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या ईस्ट एंडमधल्या कोंदट भाडोत्री खोल्यांत आया दाटीवाटीने राहत असल्याचे लंडन सिटी मिशनच्या लोकांनी नोंदवले आहे. मिशनचे जोसेफ सॉल्टर यांनी १८७३ मध्ये 'द एशियाटिक इन इंग्लंड' हे पुस्तक लिहिले. आशियाई माणसे या शहरात कुठे आणि कशी जगत होती याचे ते डोळ्यांनी पाहिलेले वर्णन आहे. काही आया वर्तमानपत्रांत जाहिरात देत: हिंदुस्थानात परतणाऱ्या कुटुंबासोबत मुले सांभाळत जाण्यास तयार. म्हणजे परतीचा प्रवासही कामावरच करायचा. ज्यांना असे कुटुंब मिळत नसे, त्यांची शिल्लक संपली की रस्ता किंवा निराधारगृह.

या गरजेतून लंडनच्या ऑल्डगेट भागात 'आयाज होम' सुरू झाले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते ज्यूरी स्ट्रीटवर होते. पुढे लंडन सिटी मिशनने ते चालवायला घेतले आणि १९०० मध्ये हॅकनीतल्या २६, किंग एडवर्ड्स रोड या मोठ्या घरात हलवले. १९२१ मध्ये ते त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या घरात गेले. वर्षाला शंभराच्या आसपास बायका तिथे उतरत. हिंदुस्थानी आयांबरोबर चीनकडच्या आमा, म्हणजे तिकडच्या दायाही असत.

होम चालायचे ते एका विशिष्ट व्यवस्थेवर. मालकीण आयाला तिथे सोडताना तिच्या परतीचे तिकीट होमच्या स्वाधीन करी. हिंदुस्थानला निघालेले दुसरे कुटुंब आयाच्या शोधात आले की होम ते तिकीट त्या कुटुंबाला विकत देई. आलेल्या पैशातून मधल्या काळातला राहण्या-जेवण्याचा खर्च निघे. नव्या कुटुंबाला वाटेत मुले सांभाळणारी अनुभवी बाई मिळे आणि बाईला घर मिळे. व्यवस्था हुशारीची होती. तिच्यामुळे शेकडो बायका सुखरूप परतल्या, हे मान्य केले पाहिजे. मिशनचा धर्मप्रसाराचा हेतूही लपलेला नव्हता. प्रार्थना, भजने, ख्रिस्ती शिकवण हा तिथल्या दिनक्रमाचा भाग होता. पण थंडीत अडकलेल्या बाईला छप्पर आणि गरम जेवण मिळत होते, आपली भाषा बोलणारी दुसरी बाई शेजारी होती, हेही तितकेच खरे.

या व्यवस्थेचा कमकुवत भाग तिच्या मुळाशीच होता. सगळे काही मालकिणीने तिकीट देण्यावर अवलंबून होते. तिने दिले तर चाक फिरे. दिले नाही तर तिला भाग पाडणारे काहीच नव्हते. करार बहुधा तोंडी असे. मुंबईच्या धक्क्यावर किंवा छावणीतल्या बंगल्यात दिलेला शब्द लंडनच्या कोर्टात सिद्ध करायला आयाजवळ कागद नव्हता, वकील नव्हता, कित्येकदा भाषाही नव्हती. पोसण्याचा खर्च मग होमच्या धर्मादाय निधीवर पडे.

सगळ्याच आया असहाय होत्या असे चित्र रंगवणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. अनेकींनी समुद्रप्रवास हाच पेशा केला. बंदरे, बोटी, ऋतू, कुटुंबांची निवड, बक्षिसीचा दर या सगळ्याची त्यांना पक्की जाण होती. मिसेस अँथनी परेरा नावाच्या आयाने हिंदुस्थान आणि ब्रिटन यांच्यामधला प्रवास ५४ वेळा केल्याची नोंद आहे. तिच्याइतका समुद्र पाहिलेले साहेब लोकही थोडेच असतील. अशा बायका मालकिणीला अटी घालू शकत. हे बळ त्यांना अनुभवाने आणि ओळखीपाळखीने मिळाले होते. पहिल्यांदाच समुद्र ओलांडणाऱ्या बाईजवळ यातले काहीच नसे, आणि टाकल्या जाणाऱ्या बायका बहुतेक अशाच असत.

किंग्ज क्रॉस, १९०८

१९०८ मध्ये एका आयाला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर सोडून देण्यात आले. हिंदुस्थानातून तिला आणले एका कुटुंबाने, पुढे ती दुसऱ्यांकडे सोपवली गेली, आणि काम संपल्यावर तिच्या हातावर एक पौंड ठेवून तिला मोकळे करण्यात आले. एका पौंडात मुंबई गाठता येत नव्हती. ती आयाज होममध्ये पोचली, आणि तिथून तिचे प्रकरण भारतमंत्र्यांच्या कचेरीपर्यंत, म्हणजे इंडिया ऑफिसपर्यंत गेले.

या प्रकरणातला एक तपशील फार बोलका आहे. आया एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली की जबाबदारी कुणाची, हे ठरवायला काही आधारच नव्हता. पहिला म्हणे, मी तिला चांगल्या घरी सोपवले. दुसरा म्हणे, मी तिला हिंदुस्थानातून आणले नाही. दोघांच्या मध्ये बाई स्थानकावर उभी राहिली. आजच्या मजूर पुरवणाऱ्या दलालांच्या साखळीतही हेच होते. दलालाने गावातून नेले, दुसऱ्याने व्हिसा काढला, तिसऱ्याने घरी ठेवले, चौथ्याच्या घरी काम केले. तक्रार झाली की प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवतो.

ब्रिटनमध्ये अडकलेल्या वसाहतींतल्या आणि हिंदुस्थानी लोकांच्या हालांची चौकशी करण्यासाठी सरकारने एक समिती नेमली. तिचा अहवाल १९१० मध्ये आला. आयाज होमच्या व्यवस्थापिकेचीही साक्ष तिच्यासमोर झाली. म्हणजे राज्यकर्त्यांना परिस्थिती ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही. आया कोण, त्या किती येतात, कशा टाकल्या जातात, हे सारे सरकारी कागदांवर आले होते. तरीही खलाशांसाठी जहाजमालकांवर होती तशी कायदेशीर सक्ती आयांच्या मालकांवर आली नाही. बहुतेक मालक सभ्य आहेत, होमचे काम नीट चालले आहे, वाईट प्रकरणे थोडी आहेत, अशा समजुतीवर सगळे निभावले गेले. मोजदाद थोड्यांची असली तरी ज्या बाईवर ती वेळ येते तिच्या दृष्टीने व्यवस्था पूर्ण कोसळलेली असते, हा विचार त्या समजुतीत बसत नव्हता.

पुढच्याच दशकात पहिल्या महायुद्धाने या व्यवस्थेची कसोटी घेतली. जर्मन पाणबुड्यांनी समुद्र धोक्याचा केला. लंडनहून मुंबईकडे निघालेली पी अँड ओ कंपनीची 'पर्शिया' ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ बुडवली गेली आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. बायकामुलांच्या प्रवासावर निर्बंध आले. गोरी कुटुंबे प्रवास करेनाशी झाली, तेव्हा आयांना नेणारे कुणी उरले नाही आणि होममध्ये अडकलेल्या बायकांची गर्दी झाली. एका खासगी तिकिटाच्या फिरत्या चाकावर उभी असलेली व्यवस्था चाक थांबताच किती उघडी पडते, हे तेव्हा दिसले.

युद्धानंतर प्रवास पुन्हा सुरू झाला, पण काळ बदलत होता. दुसरे महायुद्ध आले, मग १९४७ आले. गोरी कुटुंबे गेली, आया गेल्या, आयाज होम बंद पडले. कित्येक दशके त्याची आठवण कुणाला नव्हती. १९८६ मध्ये रोझीना विसराम यांनी 'आयाज, लस्कर्स अँड प्रिन्सेस' हे पुस्तक लिहून या बायकांना ब्रिटनच्या इतिहासात पहिल्यांदा ठळक जागा दिली. पुढे हॅकनीतल्या फरहाना मामूजी यांनी त्या घरावर स्मृतिफलक लागावा म्हणून मोहीम चालवली, आणि जून २०२२ मध्ये इंग्लिश हेरिटेजने २६, किंग एडवर्ड्स रोडवर निळा फलक बसवला.

तोच प्रश्न, दुसऱ्या बायका

लंडनमध्ये आयांची जागा पुढे दुसऱ्या बायकांनी घेतली. १९८० च्या दशकात आखाती आणि इतर श्रीमंत कुटुंबांबरोबर ब्रिटनमध्ये आणलेल्या, छळ सोसून पळून आलेल्या घरकामगार बायकांनी 'वालिंग वालिंग' ही आपली संघटना उभारली. त्यांत फिलिपिनो बायका मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्या पाठीशी उभी राहणारी 'कलायान' ही संस्था १९८७ मध्ये निघाली. त्यांची मुख्य मागणी होती मालक बदलण्याचा हक्क. व्हिसा मालकाशी बांधलेला असेल तर छळ सोसणारी बाई घर सोडताक्षणी बेकायदा ठरते. १९९८ मध्ये तो हक्क मिळाला, २०१२ मध्ये तो पुन्हा आवळला गेला.

फिलिपाइन्सने १९७४ पासून परदेशी रोजगार हे सरकारी धोरण केले. लाखो बायका हाँगकाँग, सिंगापूर, सौदी अरेबिया, कुवेत इथे घरकामाला गेल्या. आखाती देशांत 'कफाला' पद्धतीने कामगाराचा मुक्काम, नोकरी आणि देश सोडणे या गोष्टी मालकाच्या हाती राहिल्या. पासपोर्ट काढून घेणे, पगार थकवणे, उपाशी ठेवणे, मारहाण यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या. मार्च १९९५ मध्ये फ्लोर कॉन्टेम्प्लासियॉन या घरकामगार बाईला सिंगापुरात फाशी दिली गेली. तिच्यावर खुनाचा आरोप शाबीत झाला होता, पण फिलिपाइन्समध्ये तिला आपल्या सरकारने वाऱ्यावर सोडले, या भावनेने लोक रस्त्यावर आले. त्याच वर्षी तिथल्या संसदेने परदेशी कामगारांच्या संरक्षणाचा कायदा केला. फेब्रुवारी २०१८ मध्ये कुवेतमधल्या एका बंद घरातल्या फ्रीझरमध्ये जोआना डेमाफेलिस हिचा मृतदेह सापडला. फिलिपाइन्सने कुवेतला कामगार पाठवणे थांबवले आणि मे महिन्यात पासपोर्ट कामगाराकडेच राहावा अशा अटींचा करार करून घेतला.

२०२० च्या उन्हाळ्यात लेबनॉनची अर्थव्यवस्था कोसळली, तेव्हा बैरुतमध्ये मालकांनी इथिओपियन घरकामगार बायकांना गाडीतून आणून त्यांच्या देशाच्या वाणिज्य दूतावासाच्या दारात सोडले. पगार नाही, तिकीट नाही, कित्येकींचे पासपोर्टही नाहीत. किंग्ज क्रॉसच्या घटनेला तेव्हा ११२ वर्षे झाली होती.

भारतानेही हा प्रश्न हाताळला आहे, पण अर्धवट. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली घरकामासाठी आखाती देशांत जाणाऱ्या बायकांना किमान ३० वर्षे वयाची अट घालण्यात आली. परदेशी मालकाने थेट नोकरीवर घ्यायचे असेल तर भारतीय वकिलातीत २,५०० डॉलरची हमी ठेवावी असा नियम झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या जामिनाचे तत्त्व जवळपास दोनशे वर्षांनी, या वेळी कामगाराच्या संरक्षणासाठी, परत आले. पण कुवेतपुरती ही हमी २०१७ मध्ये काढून टाकली गेली. वयाच्या बंदीमुळे बायका जायच्या थांबल्या नाहीत. दलाल त्यांना पर्यटक व्हिसावर नेऊ लागले, आणि कागदावर पर्यटक असलेल्या बाईला कामगाराचे कुठलेच संरक्षण मिळत नाही.

आपण भारतीयही मालकाच्या बाजूला उभे असतो, हे डिसेंबर २०१३ मध्ये कळले. न्यूयॉर्कमधल्या भारतीय उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना घरकामगार बाईच्या व्हिसात वेतनाची खोटी माहिती दिल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले, राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर पहिले आरोपपत्र फेटाळले गेले, आणि खटला उभा राहून काही शाबीत झाले नाही. त्यांना अटकेत मिळालेल्या वागणुकीबद्दल देशभर संताप उसळला, तो समजण्यासारखा होता. पण त्या सगळ्या गदारोळात ती घरकामगार बाईही भारतीय नागरिक आहे आणि तिच्या वेतनाचा प्रश्नही भारताचा प्रश्न आहे, हे फार थोड्यांनी म्हटले. मराठी वर्तमानपत्रांतही ती बाजू क्षीण राहिली.

या इतिहासाचे वजन

या दीडशे-दोनशे वर्षांकडे पाहिले तर छळाचे मूळ मालकाच्या स्वभावात शोधणे पुरेसे नाही. क्रूर मालक होते, आहेत. पण प्रेमळ मालकिणींच्या आयाही लंडनमध्ये अडकल्या, कारण कुटुंबाचा बेत बदलला, पैसे संपले, कुणी आजारी पडले, युद्ध सुरू झाले. घरातल्या बाईची सुरक्षितता मालकाच्या चांगुलपणावर सोपवली की चांगला मालकही तिला सुरक्षित ठेवू शकत नाही. घराच्या भिंतीआड काम होते म्हणून ते खासगी, आणि खासगी म्हणून कायद्याबाहेर, हा युक्तिवाद प्रत्येक काळात पुढे आला आणि प्रत्येक काळात बाईच्या विरुद्ध गेला.

उलट जिथे सुधारणा झाली, तिथे ती बायकांनी एकत्र येऊन मागितल्यामुळे झाली. लंडनमध्ये वालिंग वालिंगने ती मागितली. पुण्यात १९८० साली घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला आणि त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. विदर्भात रूपाताई कुलकर्णी यांनी मोलकरणींना संघटित केले. या लढ्यांच्या पाठबळानेच महाराष्ट्राने २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याची अंमलबजावणी अपुरी राहिली, पण घरकाम हे काम आहे हे सरकारने कागदावर मान्य केले.

जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यात दोन कलमे आहेत जी वाचताना हॅकनीच्या त्या घरातल्या बायका डोळ्यांसमोर येतात. सीमा ओलांडण्याआधी कामगाराच्या हातात लेखी, कायद्याने लागू होणारा करार हवा आणि त्यात मायदेशी परतण्याच्या अटी लिहिलेल्या हव्यात. दुसरे, तिचे पासपोर्ट आणि ओळखीचे कागद तिच्याच ताब्यात राहायला हवेत. फिलिपाइन्सने २०१२ मध्ये या कराराला मान्यता दिली. भारताने अजून दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास केंद्र सरकारला सांगितले.

छावण्यांच्या बाजारांतून शेकडो बायका दुसऱ्यांची मुले कडेवर घेऊन समुद्रापार गेल्या. त्यांना काय हवे होते हे १९१० च्या सरकारी चौकशीत पुरेसे स्पष्ट झाले होते: लिहिलेला शब्द, स्वतःजवळचे कागद आणि परतीचे तिकीट. भारताने १८९ क्रमांकाच्या कराराला मान्यता द्यावी आणि आपल्या बायकांना परदेशी नेणाऱ्या प्रत्येक मालकावर आणि दलालावर तो लागू करावा. तशी कायदेशीर सक्ती नसली की काय होते, हे जाणून घ्यायला आता आणखी एखाद्या चौकशीची गरज नाही.